सोयाबीनचं बियाणं फुकट मिळतंय, तरी सगळं रान त्याखाली घालावं का? (मदत हवी आहे)

मंडळी, औसा तालुक्यात आमची नऊ एकर कोरडवाहू काळी जमीन आहे. मी पुण्यात नोकरीला, शेत अण्णा (वडील) बघतात. राष्ट्रीय खाद्यतेल अभियानाच्या तेलबिया क्लस्टरमध्ये (निवडलेल्या गावांच्या गटात) यंदा आमचं गाव आलंय. बियाणं फुकट, वर बांधावर येऊन मार्गदर्शन. अण्णा म्हणतात, मग नऊच्या नऊ एकर सोयाबीनच पेरू. तूर नको, उडीद नको. माझं मन घेत नाही.

अभियान वाईट आहे असं नाही. निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण बाहेरून आणतो. म्हणून 10,103 कोटी खर्चून 2030-31 पर्यंत तेलबिया 390 लाख टनांवरून 697 लाख टनांवर न्यायच्या, असं ठरलंय. पण पिकवायचं कसं ते सांगायला चार जण येतात. माल विकायचा कुठे विचारलं की चहा घेऊन उठतात.

2024 ला सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4892 रुपये. आम्ही हमीभाव केंद्रावर ट्रॅक्टर नेला. तिथल्या माणसाने पोत्यात सळई खुपसून मूठभर दाणे काढले, यंत्रात टाकले. ओलावा 13.4 टक्के. मर्यादा 12 ची. "वाळवून आणा." नोव्हेंबरात सरकारने मर्यादा 15 वर नेली, पण तोवर आम्ही आडतीवर 4050 ने माल घालून मोकळे झालो होतो. दिवाळी तोंडावर होती, मजुरांचे पैसे द्यायचे होते.

तर, सगळं सोयाबीन केलं आणि सगळ्यांचाच माल एकदम आला तर काय? आणि या फुकट बियाण्यावर किती भरवसा ठेवायचा?

प्रतिसाद (वाशीमकर):
भाऊ, एक गोष्ट कुणी सांगत नाही. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 टक्के, बाकी बहुतेक पेंड. त्यामुळे भाव तेलावर कमी अन् पेंडीवर जास्त ठरतो. आता इथेनॉल कारखान्यांतून निघणारा डीडीजीएस (धान्याचा वाळवलेला चोथा) कोंबडीखाद्यात पेंडीऐवजी स्वस्तात जातोय, म्हणून पेंडीला उठाव नाही. तेलाच्या नावाने पीक वाढवायचं आणि पेंड कोण घेणार ते बघायचं नाही, असा हा कारभार. त्यात मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. ते आठ महिन्यांपूर्वीच वाढवलं होतं! सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका. सोयाबीन-तूर 4:2 करा, म्हणजे चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. सोयाबीन पडलं तरी तूर हात देते.

बियाण्याचं म्हणाल तर पिशवीवरच्या छापावर जाऊ नका. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, पाच-सहा दिवसांनी कोंब मोजा. सत्तरच्या खाली आले तर पेरू नका. घरचं असेल तर तेही तपासा. सोयाबीन सरळ वाणाचं असतं (संकरित नाही), घरचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं, फक्त मळणी हळू झालेली हवी.

प्रतिसाद (रब्बीवाला):
तेलबिया म्हणजे सोयाबीनच असं का धरून चाललात? लातूर-धाराशिव हा करडईचा पट्टा होता. काट्यांमुळे मजूर हात लावेनात, म्हणून गेली. फलटणच्या निंबकर संस्थेचा बिनकाट्याचा करडई वाण नारी-6 आहे. एखादा एकर रब्बीत करून बघा. घरच्या घाण्यापुरतं तरी होईल.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. गोणपाट प्रयोग केला. फुकट पिशवीतले 64 उगवले, घरचे 81. अण्णांनी दोन्ही गुंडाळ्या पुन्हा मोजल्या, काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "तुरीचं बी बघून ठेव." उडीद मात्र नकोच म्हणतात, काढणीला पाऊस गाठतो. आता अडलंय ते पेरणीयंत्रावर. आमच्या यंत्राला सहा फण आहेत, बियाण्याची पेटी एकच. चार फणांतून सोयाबीन अन् दोनांतून तूर कशी सोडायची? कुणी केलं असेल तर फोटो टाका.