मदत हवी आहे: आई-बाबांना गीथॉर्नला न्यावं की दुसरीकडे? (आज रात्री बुकिंग करायचंय)

घाईत_आहे
नमस्कार मंडळी. आई-बाबा येताहेत. अॅमस्टरडॅम एका दिवसात उरकणार. त्यांना जुनी डच खेडी, कालवे, पवनचक्क्या असं दाखवायचंय. गीथॉर्नला जाऊन बोटीतून फिरायचं असा बेत होता, पण ऑफिसातली डच सहकारी "आत्ता? कशाला?" म्हणाली आणि हसली. का हसली ते विचारायचं राहिलं. गाडी नाही. दोन दिवस हातात आहेत. कुठे नेऊ? 'गूगल करा' सांगू नका, केलंय.

उनाड
गीथॉर्नच. डोळे मिटून जा. गावाच्या जुन्या भागात रस्ताच नाही, सगळा कारभार कालव्यातून आणि पायवाटेवरून. गवताने शाकारलेली घरं, प्रत्येक घराला आपला लाकडी पूल, असे दीडशेहून जास्त पूल आहेत. स्टीनवाइक स्टेशनवरून बस मिळते.

सायकलवेडी
कुठला महिना? राहता कुठे? आई-बाबांना किती चालवतं? तीन गोष्टी सांगितल्याशिवाय उत्तर देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

नाखवा
बोट भाड्याने घेणार असाल तर घाबरू नका, परवाना लागत नाही. १५ मीटरपेक्षा लांब किंवा ताशी २० किलोमीटरपेक्षा जोरात जाणारी असेल तरच लागतो. गीथॉर्नच्या विजेवरच्या बोटी चालण्याच्या वेगाने जातात. आम्ही गेलो तेव्हा मेहुण्याने तीन वेळा काठाला ठोकली, चौथ्या वेळी एका चिनी कुटुंबाला. पुलावर उभे लोक टाळ्या वाजवत होते.

घाईत_आहे
@नाखवा, बोट मी चालवणार असं कुठे म्हटलंय? @सायकलवेडी, आइंडहोवन. बऱ्यापैकी चालतात.

सायकलवेडी
आणि महिना?

शंकासुर
गीथॉर्न नव्हे. डच भाषेत ग चा उच्चार घशातून ख च्या जवळ जातो. खीटहोर्न. नावाची गोष्टही ऐकून ठेवा: इथे पहिल्यांदा वस्ती केलेल्या लोकांना जुन्या पुरात मेलेल्या बकऱ्यांची शिंगं सापडली, त्यावरून 'बकरीचं शिंग', असं सांगतात.

उनाड
धागाकर्त्याला बस पकडायचीय, डचमध्ये एम. ए. नाही करायचंय.

पाणचक्की
आइंडहोवनहून गीथॉर्न म्हणजे जाऊन-येऊन जवळपास सहा तास गाडीत आणि बसमध्ये. त्यापेक्षा झान्से स्खान्स करा, अॅमस्टरडॅमपासून लोकलने वीसेक मिनिटं.

सायकलवेडी
झान्से स्खान्स हे मुळात तिथलं गावच नव्हे. झान नदीकाठच्या परिसरातली जुनी लाकडी घरं आणि चक्क्या उचलून १९६० नंतर एका जागी आणून मांडल्यात. त्यापेक्षा मार्केन बघा. १९५७ पर्यंत खरंखुरं बेट होतं, मग बांध घालून जमिनीला जोडलं. पुराच्या भीतीने घरं उंचवट्यावर आणि खांबांवर बांधलेली, दारात समुद्र. आता समुद्रही नाही म्हणा, १९३२ साली ३२ किलोमीटरचं धरण बांधून त्याचं तळं केलं.

पाणचक्की
आणून मांडलं म्हणून खोटं होत नाही. 'दे कात' नावाची चक्की आजही वाऱ्यावर रंग दळते. मी स्वतः आत उभा राहिलोय, सगळी इमारत हलते. तुमच्या मार्केनमध्ये दुकानात लाकडी बूट सोडून काय आहे?

ट्यूलिप_प्रेमी
केउकेनहोफची ट्यूलिपची बाग चुकवू नका!! मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उघडं असतं. तिकीट आधी काढा.

घाईत_आहे
नोव्हेंबर. दुसरा आठवडा.

सायकलवेडी
अहो!!! हे शेवटून तिसऱ्या ओळीत तरी लिहायचं. म्हणून हसली ती. गीथॉर्नच्या बोटींचा मोसम उन्हाळ्याचा, नोव्हेंबरात बऱ्याच बंद असतात. पाचच्या आत सूर्य मावळतो आणि पाऊस आडवा येतो. छत्री घेऊ नका, उलटी होते. एन्खाउझनच्या झाउडरझे संग्रहालयाचा उघड्यावरचा भागही तेव्हा बंद असतो, तेही यादीत असेल तर काट मारा.

कोकणकडा
एन्खाउझन आणि होर्न इथे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेऱ्या होत्या. आमच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे ना, ती ह्याच कंपनीची. सतराव्या शतकात आदिलशाहीच्या परवानगीने घातलेली, गोव्यातल्या पोर्तुगीजांची कोंडी करायला सोयीची म्हणून. आता पडकी आहे, भिंतींत झाडं उगवलीत. तिकडची खेडी चकाचक आणि हयसर वखारीत म्हशी चरतत.

उनाड
विषय काय, चाललंय काय.

घाईत_आहे
मला दोन दिवसांचा बेत हवाय. आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फार पायऱ्या नकोत. सपाटीवर अर्धा तास आरामात चालते.

नाखवा
"बऱ्यापैकी चालतात" म्हणजे हे होय!

सायकलवेडी
बाबांना कशात रस आहे? देऊळ, चित्रं, खाणं, काहीही सांगा. नाहीतर आम्ही अजून पन्नास प्रतिसाद भांडत बसू.

घाईत_आहे
बाबांचं विशेष काही नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. जिथे जाऊ तिथे "हे पाणी कुठून येतं नि कुठे जातं" विचारत राहतात. मला उत्तरं येत नाहीत म्हणून अॅमस्टरडॅमची पण जरा धास्तीच आहे.

पाणचक्की
अरे देवा. मग झान्से स्खान्स मी मागे घेतो. किंडरडाइक! तुमच्या बाबांसाठीच बांधलंय असं समजा. १९ पवनचक्क्या, बहुतेक १७४० च्या आसपासच्या, १९९७ पासून जागतिक वारसा. आणि त्या दळत नाहीत, पाणी उपसतात. तिथली जमीन दलदलीची, पाणी काढलं की ती आणखी खचते, की आणखी पाणी काढायचं, असं शेकडो वर्षं चाललंय. चक्की शेतातल्या चरांचं पाणी उचलून वरच्या साठवण कालव्यात टाकायची, आणि ओहोटीला नदीची पातळी उतरली की दरवाजे उघडून ते लेक नदीत सोडायचं. आता हे काम पंप करतात, पण दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेना तेव्हा ह्या चक्क्यांनाच पुन्हा जुंपलं होतं. आयुष्यभर शेतात पाणी नेण्यात गेलेल्या माणसाला शेतातून पाणी बाहेर काढणारी यंत्रणा दाखवा, दुपारभर प्रश्न तुम्हाला नाही, तिथल्या माणसांना विचारतील.

सायकलवेडी
पहिल्यांदाच @पाणचक्कीशी सहमत. वाट सपाट आहे, मोकळ्या पायवाटेवरून नुसतं फिरायला पैसे पडत नाहीत. चक्कीच्या आत मात्र शिडीवजा जिना असतो, आईंनी खाली बसावं. आइंडहोवन ते रॉटरडॅम थेट गाडी, साधारण सव्वा तास. पुढे वॉटरबस. थेट फेऱ्या मोसमी असतात, नाहीतर मध्ये बोट बदलावी लागते, त्या दिवसाचं वेळापत्रक बघूनच निघा. आतून बघायच्या चक्क्यांच्या वेळाही हिवाळ्यात कमी असतात.

शंकासुर
चक्की बंद असेल तेव्हा पाती कशी थांबवलीयत ते बघा. वर येणारं पातं टोकाला पोचायच्या जरा आधी थांबवलं असेल तर घरात आनंदाची बातमी, टोक ओलांडून थांबवलं असेल तर दुःखाची. ही चक्कीवाल्यांची जुनी रीत.

उनाड
हे मात्र भारी आहे. रोज सांगत जा की असं काही.

कोकणकडा
दुसऱ्या दिवशी लांब कशाला जाता? तुमच्या आइंडहोवनला चिकटून न्यूनेन आहे. व्हॅन गॉख १८८३ ते १८८५ तिथे राहिला, बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचं चित्र तिथलंच. संग्रहालय आहे, आणि त्याने रंगवलेली ओप्वेटनची पाणचक्की अजून आहे. पाण्यावर चालणारी, म्हणजे बाबांचा दुसरा दिवसही सुटला. मी चार वर्षं आइंडहोवनला होतो.

घाईत_आहे
न्यूनेन?? माझ्या घरापासून बसने वीस मिनिटं. मी तिथे फक्त एकदा सोफा आणायला गेलो होतो. आणि हॉटेलही नको मग.

नाखवा
तिकिटाच्या रांगेत उभं राहू नका. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड दारावर टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, तिघांत एक चालत नाही. आई-बाबांच्या भारतीय कार्डावर परदेशातले कॉन्टॅक्टलेस व्यवहार बँकेच्या अॅपमधून आधीच चालू करून घ्या. माझ्या सासऱ्यांना आम्ही फाटकाबाहेर पाऊण तास उभं ठेवलंय.

घाईत_आहे
हे कामाचं. तर: शनिवारी किंडरडाइक, रविवारी न्यूनेन. बाबांना फोनवर सांगितलं. पहिला प्रश्न, "ओहोटी किती वाजता आहे?"

ट्यूलिप_प्रेमी
आणि केउकेनहोफ?

कोकणकडा
@शंकासुर, व्यक्तिगत निरोप बघा. वखारीचे फोटो पाठवलेत.