अळूवडी घशाला खाजू नये म्हणून

दोघींनी विचारलंय की चिंच घालूनही अळूवडी घशाला खवखवते, असं का? माझ्या मते चिंच पुरेशी आहे, वाफवणं कमी पडतंय. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच टोचतात. म्हणून उंडे (पीठ चोपडून गुंडाळलेल्या पानांच्या वळकट्या) २५ मिनिटं तरी सणसणीत वाफेवर ठेवा. सुरी खुपसली तर कोरडी बाहेर यायला हवी. जाड उंडा आतून कच्चा राहतो, त्यामुळे एका उंड्याला तीन-चार पानं पुरे. आणि वडीला काळ्या देठाचीच पानं घ्या, हिरव्या देठाची फदफद्याला (अळूच्या पातळ भाजीला) ठेवा.

पानं धुऊन पुसली की पालथी घाला, मागच्या जाड शिरा सुरीने तासा आणि वरून लाटणं फिरवा. हे अजिबात टाळू नका, नाहीतर गुंडाळताना पान तडकतं. बेसनात चिंच-गूळ, तिखट, हिंग, दोन चमचे तांदळाचं पीठ. हाताने पानाला चोपडता येईल इतकंच सैल. उंडा पूर्ण गार होऊ द्या, मगच कापा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलात तर वड्या फार सुबक पडतात आणि तळताना सुटत नाहीत.