समुपदेशक 'आपल्यातला'च हवा का?

गंगापूररोडकर: वडील अपघातात गेले, त्याला सव्वा वर्ष झालं. झोप उडाली म्हणून ऑनलाइन समुपदेशक गाठली. बंगळुरूची, हुशार, सगळं इंग्रजीतून. आई म्हणतेय त्र्यंबकला नारायण नागबळी कर (अपघाती गेलेल्यांच्या शांतीसाठीचा विधी), एवढंच बोललो. झालं! ५० मिनिटांतली २० ते काय असतं, तीन दिवस का लागतात, नको म्हटलं तर मामा का रुसतील, यातच गेली. शेवटी म्हणाली, "पटत नसेल तर नाही सांगा." अहो, 'नाही' असं सांगता आलं असतं तर पैसे कशाला भरले असते? माझं मत पक्कं झालंय : समुपदेशक मराठी, त्यातही इकडचाच, नाशिकचाच बघावा.

सातपूरकर: साफ चूक. मी गेलो होतो 'इकडच्या'कडे. आधी आडनाव विचारलं, मग "गाव कोणतं?" कंपनीत जातीवरून बसणारे टोमणे सांगितले, तर म्हणे, "आता कुठे राहिलंय तसं?" ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिरात जाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे बसून! आता एका मल्याळी बाईंकडे जातो. दोघांचंही हिंदी दिव्य. पण त्यांना माहीत नसलं की विचारतात, ठरवून टाकत नाहीत.

निफाडची सून: इकडचा नकोच बाई. कॉलेज रोडला वेटिंगमध्ये नणंदेची मैत्रीण भेटली. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली.

याच क्षेत्रातली: मराठी-अमराठी नंतर बघा. समुपदेशक अशी पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. आणि पहिल्याच फोनवर विचारा, "घरच्यांसोबत राहूनच मार्ग काढायचाय, जमेल?" उत्तरावरून कळतं. पैशाची अडचण असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

गंगापूररोडकर: सातपूरकर, 'आपल्यातला' लिहिताना आडनाव डोक्यातच आलं नाही. मला कधी कुणी विचारलंच नाही ना. तरी नागबळी पुन्हा समजावत बसायची माझी तयारी नाही.

सातपूरकर: मी दर वेळी समजावतोच की. बरं, नागबळीचं काय ठरलं?

गंगापूररोडकर: पुढच्या महिन्यात. मामांनी मुहूर्तही काढलाय.