गरोदरपणातील ड जीवनसत्त्व आणि बाळाचे वजन: आश्वासन कितपत खरे?

निरंतर:
गरोदरपणात ड जीवनसत्त्व घेतले की बाळ चांगले भरते, असे आता सर्रास सांगितले जाते. माझा विरोध गोळीला नाही, या आश्वासनाला आहे. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ४३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात गोळी घेतलेल्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे ५८ ग्रॅमने अधिक आढळले. पण तीन किलोचे निरोगी बाळसुद्धा पहिल्या काही दिवसांत याच्या दुपटीहून अधिक वजन गमावते आणि पुन्हा भरून काढते. शिवाय त्यातील बहुतेक चाचण्या लहान आणि कमी दर्जाच्या होत्या, हे आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवले आहे. याउलट ढाक्यात सुमारे १,३०० गर्भवतींवर झालेली, २०१८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. कमतरता तिथे मुबलक होती, आठवड्याला २८,००० एककांपर्यंत मात्रा दिली गेली आणि रक्तातली पातळी अपेक्षेप्रमाणे वाढली. तरीही जन्माच्या वेळचे वजन आणि उंची यांत फरक पडला नाही, आणि वर्षभरानंतरच्या उंचीतही नाही.

काजळरेघ:
सरासरीवर बोट ठेवून तुम्ही मूळ मुद्दा बाजूला सारता आहात, निरंतर. त्याच आढाव्यात गर्भवयाच्या मानाने लहान जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाणही कमी झालेले दिसले, आणि ज्यांची चिंता करायची ती हीच बाळे, म्हणजे वजनात तळाच्या दहा टक्क्यांत मोडणारी. तीन किलोच्या बाळाला ५८ ग्रॅम जास्त मिळाले काय किंवा न मिळाले काय, फरक पडत नाही, हे मान्य. पण काठावरच्या बाळाचे तसे नसते. ढाक्यातल्या स्त्रियांना गोळी सुरू झाली ती १७ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे वारेची (गर्भाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाची) घडण बरीचशी होऊन गेल्यावर. उशिरा दिलेल्या गोळीचा उपयोग झाला नाही, यावरून वेळेवर दिलेलीही निरुपयोगी, असे कसे ठरते? अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२४ साली गर्भवतींनी पूरक मात्रा घ्यावी असे सुचवले आहे, आणि त्यामागच्या कारणांत बाळ लहान राहण्याचा धोका स्पष्टपणे धरलेला आहे.

निरंतर:
वारेचा मुद्दा तर्काला धरून आहे. पण बाळाचे वजन मुख्यतः शेवटच्या तिमाहीत वाढते, आणि हाडांत साठणारे सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियमही बहुतांशी तेव्हाच साठते. त्या काळात ढाक्यातल्या मातांची पातळी उत्तम होती. एकत्रित आढाव्यांचे म्हणाल, तर वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९च्या आढाव्याने कमी वजनाची बाळे बहुधा घटतात असे म्हटले होते. २०२४च्या आवृत्तीत विश्वासार्हतेच्या निकषांवर न टिकलेल्या कित्येक चाचण्या वगळल्या गेल्या आणि ती खात्री विरून गेली. पाया हलल्यावर मजले मोजण्यात अर्थ नाही.

पायरव:
दोघेही ‘उंची’ हा आकडा पक्का धरून चालला आहात. नवजात बाळाची उंची मोजायची तर एकाने डोके फळीला टेकवून धरावे लागते आणि दुसऱ्याने आखडलेले गुडघे हलकेच सरळ करून पाऊल पट्टीला लावावे लागते. बाळ रडत असेल किंवा हात एकाचेच असतील, तर अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे सहज होतो. वजनकाटा इतका दगा देत नाही. लहान चाचण्यांमधल्या उंचीच्या फरकांकडे मी तरी संशयानेच पाहते. आणखी एक: ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी असते, त्या स्त्रिया पुष्कळदा घराबाहेर कमी पडतात, त्यांचा आहार किंवा वजन वेगळे असते, काही जणी धूम्रपान करतात. नुसत्या निरीक्षणात बाळ लहान दिसले, तर दोष नेमका कशाचा?

काजळरेघ:
म्हणूनच मी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांविषयी बोलते आहे. ब्रिटनमधल्या मॅव्हिडॉस चाचणीत रोज १,००० एकके दिली गेली. एकूण बाळांच्या हाडांतील खनिजसाठ्यात फरक दिसला नाही, पण हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांत दिसला. ऊन नसते तिथे गोळी कामाला येते, हे त्यातून सुचते. ब्रिटनमध्ये गर्भवतींना रोज ४०० एकके सुचवली जातात. एवढ्याशा मात्रेने अपाय होत नाही, मग हात आखडता का घ्यायचा?

निरंतर:
हिवाळ्यातला तो फरक हाडांचा आहे, आकाराचा नव्हे. रोजच्या ४०० एककांना माझी हरकत नाही. ती माता आणि बाळ यांच्या हाडांसाठी आहेत आणि तसेच सांगून द्यावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सरसकट सर्व गर्भवतींना ही गोळी देण्याची शिफारस केलेली नाही. कमतरतेची शंका असेल तर रोज २०० एकके पुरेत, असे म्हटले आहे. माझी अडचण वेगळीच आहे. सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे पडलेली दिसली की मात्रा दुप्पट करून महिनाभर वाट पाहिली जाते, आणि त्या महिन्यात मातेचा रक्तदाब, वारेतला रक्तप्रवाह, तंबाखू किंवा रक्तक्षय यांकडे पाहायचे राहून जाते.

काजळरेघ:
तसे कोणी करत असेल तर ते चूकच, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. परंतु वाढ मागे पडल्यावर दिलेली गोळी आणि गरोदरपणाच्या आरंभापासून घेतलेली गोळी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीबद्दलचा तुमचा नकार ढाक्याच्या चाचणीवर उभा राहत नाही.