पहिल्यांदा एकट्याने परदेशी गेलात तेव्हा स्वतःला कसं सांभाळलंत?

माझी भाची २२ वर्षांची आहे. नोव्हेंबरात थायलंड, लाओस आणि व्हिएतनाम असे सहा आठवडे एकटीच निघाली आहे, पाठीवर एक सॅक घेऊन. पैसे तिने स्वतः साठवलेत. ताईचं रडून झालं, आजोबांनी अबोला धरलाय. मावशी म्हणून मला वाटतं, अडवण्यापेक्षा तिला तयारीनिशी पाठवावं. "काळजी घे" असं सगळेच म्हणतात, पण म्हणजे काय करायचं ते कुणी सांगत नाही. ज्यांनी विशी-पंचविशीत असा प्रवास केलाय त्यांनी कृपया लिहा. उपदेश नको. काय घडलं आणि त्या क्षणी तुम्ही काय केलंत, तेवढं हवंय.

पुणे, तेव्हा वय २४

बँकॉकमधला दुसराच दिवस. ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीलगत चालले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले साठीचे एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, आज पूजा आहे, राजवाडा दुपारी उघडेल. माझ्या नकाशावर पेनाने तीन देवळांभोवती गोल केले आणि टुकटुकही (तिथली तीनचाकी रिक्षा) थांबवून दिली, २० बाथमध्ये. दोन देवळं खरंच दाखवली. तिसरा थांबा मात्र रत्नांच्या दुकानाचा होता. तिथे दुकानवाल्यांनी खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, माझ्या आईची चौकशी केली. नीलम भारतात दुप्पट भावाने विकला जाईल म्हणाले. मला कळत होतं काहीतरी चुकतंय, पण ज्यांचं पाणी प्यायलो त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. ६,००० बाथ देऊन अंगठी घेतली. लक्ष्मी रोडवरच्या सराफाने ती भिंगातून पाहिली आणि काही न बोलता परत माझ्यापुढे ठेवली.

राजवाडा त्या दिवशी उघडाच होता. फाटक शंभर पावलांवर होतं. भाचीला सांगा, बंद आहे असं कुणीही सांगितलं तरी फाटकापर्यंत स्वतः जाऊन बघायचं. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे, इंग्रजीत बोलतात.

नाशिक, तेव्हा वय २५

हो ची मिन्ह शहरात फूटपाथच्या कडेला उभा राहून नकाशा बघत होतो. मागून स्कूटर आली आणि हातातला फोन गेला. फोनपेक्षा मोठा घोळ सिमचा झाला. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर यायचा, त्यामुळे पुढचं ना तिकीट काढता येईना ना खोली. वाचलो ते सॅकच्या तळाशी मोज्यात ठेवलेल्या दुसऱ्या कार्डामुळे. एटीएमला पिन पुरला. घरचा नंबर आणि हॉस्टेलचा पत्ता वहीत लिहिलेला होता. आता भारतातलं सिम जुन्या साध्या फोनमध्ये टाकतो आणि तो फोन बाहेर काढतच नाही. रस्त्यात नकाशा बघायचा तर एखाद्या दुकानात शिरून, भिंतीला पाठ लावून.

आणखी एक. तिथली २०,००० आणि ५,००,००० डोंगची नोट, दोन्ही निळ्या. घाईत भलतीच दिली जाते. मोठ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात.

ठाणे

लाओसबद्दल एवढंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये वांग विएंगला मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) मिसळलेल्या दारूने सहा पर्यटक गेले, त्यातल्या काही मुली विशीही न ओलांडलेल्या. सुरुवातीला साधी नशाच वाटते; नजर धूसर व्हायला कितीतरी तास जातात. फुकट मिळणारे शॉट आणि बादलीत देतात ते दारूचं मिश्रण घ्यायचं नाही. प्यायचीच असेल तर आपल्यासमोर उघडलेली बिअर.

सांगली, तेव्हा वय २३

थायलंडमधल्या चियांग माईच्या हॉस्टेलमध्ये हिंदी बोलणारा एक जण भेटला. तीन दिवस एकत्र जेवलो, मोठ्या भावासारखा वागायचा. मग म्हणाला, मे सॉटला डेटा एन्ट्रीचं काम आहे, महिना लाखभर, राहणं-खाणं फुकट, गाडी न्यायला येईल. माझे पैसे संपत आले होते, मन गेलंच होतं. कंपनीचा पत्ता मागितला तर म्हणाला, "तिथे गेल्यावर कळेल." रात्री नकाशा उघडला. मे सॉटच्या पलीकडे मोई नदी आणि नदीपार म्यानमारचं म्यावाडी. सायबर फसवणुकीची कामं जबरदस्तीने करून घेणारे अड्डे तिथेच आहेत. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मे सॉटहून परत आणलं. मी पहाटेच सॅक उचलून दुसरीकडे गेलो. त्याला काही सांगितलं नाही.

कोल्हापूर, तेव्हा वय २६

हनोईत रात्री साडेदहाला एक माणूस मागे लागला. मी वळले की तो वळायचा. हॉस्टेलकडे जायचं नाही, एवढं सुचलं. राहायची जागा त्याला कळली असती. कोपऱ्यावर एक आजी फो (नूडल्सचं सूप) विकत होत्या. मी तडक त्यांच्या पातेल्याजवळ जाऊन उभी राहिले. भाषा येत नव्हती, नुसतं मागे बघितलं. आजींनी निळं प्लॅस्टिकचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं, त्या माणसाकडे बघून मोठ्याने दोन शब्द बोलल्या आणि माझ्या हातात वाडगा दिला. तो निघून गेला तरी अर्धा तास मला उठू दिलं नाही. मग नातवाला हॉस्टेलच्या दारापर्यंत सोबत पाठवलं.

एका मुलीचे बाबा, अमरावती

आमचं रोज रात्री दहाला एक मेसेज असं ठरलं होतं. एकदा बस डोंगरात, रेंज नाही, आणि आम्ही दोघं पहाटेपर्यंत जागे. त्यानंतर नियम बदलला. बसमध्ये चढण्याआधी तिकिटाचा फोटो आणि पोचायची वेळ पाठवायची. त्या वेळेनंतर सहा तास आम्ही घाबरायचं नाही. सहा तास उलटले तर आधी हॉस्टेल, मग दूतावास. दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवलेले होते. पासपोर्टची प्रतही घरी ठेवा. तो हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन दूतावासाकडून आपत्कालीन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि त्यावर फक्त भारतात परतता येतं.

मावशी

सगळं तिला वाचून दाखवलं. आजोबांनी दाराआडून ऐकलं आणि संध्याकाळी कपाटातून जुना बटणांचा फोन काढून तिच्यासमोर ठेवला. एकच विचारायचंय. लाओसची राजधानी वियंतियानहून हनोईला ती रात्रीच्या बसने जाणार म्हणते, जवळपास २४ तासांचा प्रवास आहे. कुणी मुलीने एकटीने केलाय का? सीमेवर पहाटे उतरवतात तेव्हा सामान बसमध्येच राहतं की बरोबर न्यावं लागतं?