पुण्याची वेताळ टेकडी : पक्षी बघायला माळ, झाडी आणि खाण एका सकाळी कसं बसवायचं?

चष्मेवाली_कोथरूड : रविवारी 7 ते 10 एवढाच वेळ असतो. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने चढून सगळीकडे फिरते, 5-6 किलोमीटर होतात, तरी पक्ष्यांची यादी 12-13 जातींच्या पुढे जात नाही. क्रम चुकतोय का? शिवाय 10×50 दुर्बिणीतून चष्म्यासकट बघताना कडेने काळं येतं.

माळटिटवी : चाल चुकतेय. दीड-दोन किलोमीटर भरपूर झाले. आत्ता डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास वर येतो. पहिला पाऊण तास माळालाच द्या. गप्पीदास, चिरक, खाटीक ऊन खायला झुडपांच्या शेंड्यावर बसतात, तित्तर ओरडत असतात. ऊन चढलं की हेच पक्षी खाली उतरतात आणि तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते, लांबचं काही धड दिसत नाही. सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर सगळेच पक्षी काळे.

झाडी मग. ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या सलग लागवडीत फार रेंगाळू नका. बोर, बाभूळ, उंबर असेल तिथे 15 मिनिटं गप्प उभ्या राहा. सुभग, निखार, वटवटे यांची मिश्र टोळी आली की तिच्याबरोबर सरका; एकेका झाडावर चार-पाच जाती मिळून जातात.

ढोकरी : खाणीच्या काठावर ताठ चालत जाऊ नका. आभाळावर तुमची आकृती उमटते आणि ढोकरी, खंड्या आधीच उडतात. आठ-दहा पावलं अलीकडेच खाली बसा. काठाचा मुरूम सुटा असतो, तेही एक कारण. साडेनऊनंतर मान वर : शिक्रा, घारी गरम हवेवर घिरट्या घालतात. मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपने आवाजावरून ‘शिक्रा’ सांगितला तर पक्षी दिसेपर्यंत नोंदवू नका, कोतवाल त्याची हुबेहूब नक्कल करतो. आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर माळ, झाडी, खाण यांच्या याद्या वेगळ्या करा.

काचवाला : चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी दुमडून आत घ्या. मग दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत जुळवा. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची एखादी पाटी स्पष्ट करा. नंतर डावी झाकून, चाकाला हात न लावता, तीच पाटी उजव्या डोळ्याकडच्या भिंगाच्या फिरत्या कडीने. तरीही काळं येत असेल तर दुर्बिणीचा ‘आय रिलीफ’, म्हणजे भिंगापासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण गोल दिसतो ते अंतर, कमी आहे. चष्म्याला निदान 15 मिलिमीटर लागतो. बदलायचीच झाली तर 8×42 (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाची) घ्या, हात हलला तरी चित्र कमी हलतं आणि झाडीत पक्षी लवकर सापडतो.