मदत हवी आहे: खरेदी करारातलं 'माल नाकारण्याचं' कलम कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या एका नोंदणीकृत गटासाठी खरेदी कराराचा मसुदा तपासते आहे. माल नाशवंत आहे आणि समोर मोठा प्रक्रिया उद्योग आहे. भाव, वजन, निविष्ठांची (बियाणं, खतं वगैरेंची) उचल आणि तिची वसुली ही कलमं बऱ्यापैकी जमली आहेत. घोडं अडलंय ते एका वाक्यापाशी: 'मालाच्या दर्जाबाबत खरेदीदाराचा निर्णय अंतिम राहील.'

हे वाक्य राहिलं तर बाकीच्या कलमांना अर्थ उरत नाही. बाजारभाव ठरलेल्या दराच्या खाली गेला की प्रतवारी कडक होते आणि माल गेटवरून परत येतो. दर मोडला असं म्हणताही येत नाही, कारण कागदावर तो तसाच असतो. वादासाठी लवादाची तरतूद आहे, पण लवाद बसेपर्यंत माल सडणार. शिवाय एकेका शेतकऱ्याचं नुकसान इतकं लहान की वकिलाची फीच त्याहून जास्त. त्यात आणखी एक कलम म्हणतं की उत्पादन दुसऱ्या कुणालाही विकायचं नाही. मग नाकारलेल्या मालाचं करायचं काय?

युनिड्रॉइट (खासगी कायद्यात देशोदेशी एकसूत्रता आणणारी संस्था), एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आणि आयफाड (संयुक्त राष्ट्रांचा कृषी विकास निधी) यांनी २०१५ मध्ये मिळून काढलेलं करार शेतीचं कायदेविषयक मार्गदर्शक माझ्या हाताशी आहे. दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्या, करारभंगावरचे उपाय, वाद मिटवण्याच्या पद्धती, सगळं त्यात नीट आलं आहे. पण ते मार्गदर्शक आहे, कुणावर बंधनकारक नाही. बंधनकारक नियमांत मला सगळ्यात उपयोगी वाटला तो युरोपीय संघाचा अनुचित व्यापारी प्रथांबाबतचा २०१९ चा निर्देश (२०१९/६३३). नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत द्यायचे, ऑर्डर ऐन वेळी रद्द करायची नाही, अटी एकतर्फी बदलायच्या नाहीत, आणि पुरवठादाराने मागितलं तर करार लेखी द्यायचाच. तक्रारदाराने विनंती केली तर त्याची ओळख गुप्त ठेवायची सोयही त्यात आहे. ही सोय मला फार मोलाची वाटते. एकच खरेदीदार असलेल्या भागात उघड तक्रार करणारा पुढच्या हंगामात यादीतून गळतो.

माझा प्रश्न असा: असा कायदा जिथे लागू नाही, तिथे हे संरक्षण करारातच कसं आणायचं? दर्जाच्या वादाचं कलम कुणी प्रत्यक्ष लिहिलं असेल आणि खरेदीदारानेही ते मान्य केलं असेल, तर शब्दरचना कृपया इथे द्या. 'दोन्ही पक्ष सामंजस्याने मार्ग काढतील' छापाची वाक्यं नकोत, ती मसुद्यात आधीच भरपूर आहेत.

प्रतिसाद १

ताई, आधी मालाचा ताबा कुठे बदलतो ते ठरवा. कारखान्याच्या गेटवर नको, संकलन केंद्रावर ठेवा. तपासणी तिथेच, शेतकऱ्यासमोर आणि वजनाच्या वेळीच व्हावी. पावतीवर वजनाशेजारी प्रत लिहून सही घ्या. मग वाटेत खराब झालेल्या मालाचा भुर्दंड शेतकऱ्यावर टाकता येत नाही.

आमच्या मसुद्यातलं कलम साधारण असं होतं: 'माल नाकारायचा असल्यास खरेदीदाराने ठरलेल्या तासांच्या आत, जोडपत्रातील कोणता निकष पूर्ण झाला नाही ते नमूद करून, लेखी कळवावे. तसे न कळवल्यास माल स्वीकारला असे समजले जाईल. नाकारलेल्या मालाला इतरत्र न विकण्याचे बंधन त्या क्षणापासून लागू राहणार नाही.' शेवटचं वाक्य कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. वाद झाला तर नमुना सीलबंद करून, आधीच नाव ठरलेल्या त्रयस्थ तपासनीसाकडे पाठवायचा आणि ज्याचं म्हणणं चुकीचं निघेल त्याने खर्च द्यायचा.

खरेदीदार हे मान्य करतात, कारण निकष स्पष्ट असले की शेतकरीही माल परस्पर बाहेर विकत नाहीत. त्यांना खरी भीती त्याचीच असते. वाटाघाटीत हा मुद्दा आधी मांडा.

धागाकर्ती

खूप आभार! ताबा बदलण्याच्या जागेकडे माझं लक्षच नव्हतं, ते कलम आजच बदलते.

आणखी एक अडचण आहे. मसुद्यात 'शेतकरी' म्हणजे जमीन ज्याच्या नावावर आहे ती व्यक्ती. गटातल्या बऱ्याच बायका जमीन स्वतः कसतात, पण कागदावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. खंडाने कसणारेही आहेत. या व्याख्येमुळे पैसे आणि पावती दोन्ही दुसऱ्याच्या नावावर जाणार. 'प्रत्यक्ष लागवड करणारी आणि गटाच्या नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती' अशी व्याख्या केली तर उचल देणारी बँक अडवेल का? जमिनीऐवजी गटाची हमी चालवून घेतल्याचा कुणाला अनुभव असेल तर तो हवा आहे.